कार्पांची आणेवारी

गळ टाकून मासे धरणारा मनुष्य आपला पराक्रम सांगताना दोन तळहातांमधले अंतर दर खेपेस वाढवीत नेतो, अशी जी त्याची सर्व जगात अपकीर्ती झालेली आहे, ती ज्या कोणी पसरवली त्याने इंग्लंडातील एखाद्या मत्स्यमंडळाच्या स्पर्धेचा दिवस तळ्याकाठी उभे राहून पाहिलेला नसावा. नदीवर एकटाच जाऊन बसणारा हौशी पुरुष अतिशयोक्ती करतो हे मान्य, कारण त्याच्या विधानाची रुजवात घेणारा साक्षीदार तेथे एखादा बगळाच काय तो असतो. परंतु स्पर्धेत उतरलेला गळवाला हा निराळ्याच पंथाचा प्राणी आहे. खोटे तोही बोलतो. मात्र त्याचे खोटे उतरत्या भाजणीचे असते. पन्नास पौंड मासे जाळ्यात खळबळत असता तो ‘असतील वीसेक’ असे विषण्ण मुद्रेने सांगतो, आणि ते सांगताना त्याच्या चेहऱ्यावर जे निष्पाप दैन्य पसरते ते पाहून, उभी हयात मुलकी खात्यात घालवलेल्या माझ्यासारख्या माणसाला आपण परमुलखात आहो याचा क्षणभर विसरच पडला. आणेवारी ठरवण्यास गेलेल्या अंमलदारासमोर, पुरुषभर वाढलेल्या ज्वारीकडे पाठ करून, ‘यंदा काही राहिलं नाही, रावसाहेब,’ असे म्हणणाऱ्या आमच्या खातेदाराचा तो सख्खा भाऊ शोभला असता. खातेदारास निदान सारा तहकूब करून घ्यावयाचा असतो. या इंग्रजास शेजारच्या गळवाल्याला गाफील ठेवण्यापलीकडे काहीही साधावयाचे नव्हते.

वूस्टरशायर परगण्यात मुलाकडे राहावयास गेलो असताना शेजारच्या निवृत्त टपालवाल्या गृहस्थांनी आपल्या मंडळाच्या रविवारच्या स्पर्धेस येण्याचे मला आग्रहाने निमंत्रण दिले. मी शाकाहारी असल्याची अडचण पुढे केली, तेव्हा ते म्हणाले की त्या तळ्यातला मासा मंडळाच्या एकाही सभासदाने कधी खाल्लेला नाही, सबब त्या दिवसापुरते आपण सर्वच शाकाहारी आहो असे मी समजावे. हा युक्तिवाद मला इतका आवडला की सकाळी साडेसातला मी त्यांच्या मोटारीत बसलो. तळ्याकाठच्या उपाहारगृहात शिरल्यावर मात्र त्या युक्तिवादाची व्याप्ती केवळ माशांपुरतीच असल्याचे ध्यानी आले, कारण डुकराच्या मांसाचे काप, सॉसेजे आणि तळलेली अंडी यांनी भरलेल्या बशांवर तेथील मंडळी ज्या निष्ठेने तुटून पडली होती तीत शाकाहाराचा मागमूस नव्हता. मी टोस्ट आणि गोडसर टोमॅटोच्या रश्शातल्या घेवड्याच्या बिया यांवर निर्वाह केला. पुढे काठावर पाहतो तो माशांसाठी मक्याचे गोड दाणे, डबाबंद मांसाचे चौकोनी तुकडे, निरनिराळ्या जाडीच्या दाबीव गोळ्या आणि जिवंत अळ्या अशी चतुर्विध पक्वान्ने मांडलेली. त्या दिवशी त्या स्थळी सर्वांत विविध भोजन माशांचे झाले, हे मी प्रत्यक्षदर्शी म्हणून सांगू शकतो.

स्पर्धा दहा वाजता सुरू होते असे कागदोपत्री लिहिलेले असते. वस्तुतः ती चिटणीसांच्या कापडी पिशवीत हात घालण्याच्या क्षणी सुरू होते, आणि पुष्कळांच्या बाबतीत त्याच क्षणी संपतेही. तळ्याच्या सभोवार फळ्या ठोकून क्रमांक घातलेली ठाणी असतात, त्यांस पेग म्हणतात. पिशवीतून ज्या क्रमांकाची चिठ्ठी हाती येईल त्या पेगवर पाच तास बसावयाचे, तेथून हलावयाचे नाही. ज्याच्या एका अंगास शेजारीच नाही असा टोकाचा पेग म्हणजे जहागीर. उन्हाळ्यात ज्या काठावर वारा लाटा घेऊन आदळतो तो बागायत, कारण ऊब आणि खाद्य यांच्या मागोमाग तळ्यातले कार्प मासे तिकडे सरकतात. आणि दोन कसलेल्या सभासदांच्या मध्ये सापडलेला पेग म्हणजे निव्वळ मुरमाड वरकस. चिठ्ठी उलगडताना एकेकाच्या मुखावर जे भाव उमटत होते ते जमिनीच्या वाटपाच्या वेळी भावाभावांच्या चेहऱ्यांवर मी पाहिलेले आहेत. ‘सारे काही चिठ्ठीवर आहे,’ हे वाक्य त्या दिवशी माझ्या कानी असंख्य वेळा पडले. फक्त ज्याने शेवटी पहिला क्रमांक पटकावला त्याच्या तोंडून ते एकदाही आले नाही.

यानंतर सामान वाहण्याचा विधी. एका माणसाने पाच तास स्वस्थ बसावे यासाठी जे साहित्य लागते ते पाहून, एखादा सरदार मुलुखगिरीवर निघाला आहे की काय असे वाटावे: चाकांचा गाडा, त्यावर बसण्याची खणाखणांची पेटी, तिला बाजूंनी जोडण्याची तबके, छत्री, बादल्या, हातजाळी, साठवणीची लांबलचक जाळी आणि लांब पेट्यांत निजलेल्या काठ्या. त्यातही मापांचा जो संसार होता त्याने माझी मती गुंग झाली. काठीची लांबी मीटरमध्ये, पाण्याची खोली फुटांत, गोळ्यांची जाडी मिलिमीटरमध्ये, जिवंत अळ्या पिंटाच्या मापट्याने, माशांचे वजन पौंड-औंसांत, आणि गळाचे आकारमान अशा उलट्या क्रमांकांत की आकडा जसजसा चढत जावा तसतसा गळ बारीक होत जावा. १९५६च्या कायद्याने आपल्याकडील शेर-छटाकांची गच्छंती झाली तेव्हा माझ्या वडिलांच्या पिढीतील कारकुनांनी जो आकांत केला तो मला लहानपणापासून ऐकून ठाऊक होता. या काठावर मात्र सर्व मापे गुण्यागोविंदाने एकत्र नांदत होती, आणि एकाही सभासदाचा हिशेब चुकत नव्हता.

जाळी पाण्यात सोडण्यापूर्वी ती जंतुनाशक द्रवाने भरलेल्या हौदात बुचकळून काढावी लागतात, कारण एका तळ्याचा रोग दुसऱ्या तळ्यास लागू नये अशी दक्षता घेतलेली असते. ओल्या जाळ्याला कोरड्या जाळ्याचा स्पर्श होऊ नये म्हणून चिटणीस ज्या करड्या नजरेने उभे होते ती नजर मी आमच्या आजीनंतर प्रथमच पाहिली. गळाला उलटा काटा असता कामा नये, हातजाळ्याचे विणकाम माशाच्या अंगाला ओरखडा काढणारे असता कामा नये, मासा कोरड्या जमिनीवर टेकवता कामा नये, त्याच्यासाठी मऊ गादी अंथरावी, अशी नियमांची लांबच लांब यादी फाटकापाशीच लावलेली होती. ज्याला सोडूनच द्यावयाचे आहे त्याच्या कैदेची इतकी चोख तजवीज मी कोणत्याही तुरुंगात पाहिलेली नाही.

दहाच्या ठोक्याला भोंगा झाला आणि तळ्याभोवती बसलेल्या त्या तीसेक प्रौढ पुरुषांनी व दोन बायांनी एकाच क्षणी पाण्यात आमिषे टाकली. हे लोक बहुधा ज्या काठीने मासे धरतात तिला पोल म्हणतात. कार्बनच्या तंतूंची, तुकड्यांना तुकडे जोडून तेरा ते सोळा मीटरपर्यंत वाढवता येणारी ही काठी काही हजार पौंडांनाही विकली जाते. तिला दोरा गुंडाळण्याची चरकी नसते, शेंड्याच्या पोकळीत रबरी लवचिक दोरी असते, आणि मासा लागला म्हणजे माणसाने काठी उचलावयाची नसून ती मागे, रुळांवरून, आपल्या पाठीकडे सरकवीत न्यावयाची असते. परिणामी पाण्याकडे तोंड करून ध्यानस्थ बसलेल्या त्या सज्जनांच्या पाठीमागून, फिरावयास निघालेल्या निरुपद्रवी माणसाच्या पोटरीवर, एकाएकी एक काळी बरची येऊन आदळते. तिचा प्रसाद मलाही मिळाला. कार्बनमधून वीज वाहते, म्हणून जेथे वरून विजेच्या तारा गेलेल्या असतात तेथे धोक्याच्या पाट्या लावतात. मागून जाणाऱ्या पादचाऱ्यांसाठी पाटी लावावी असे अद्याप कोणास सुचलेले दिसत नाही.

आणि मग काहीच घडेनासे झाले. मंडळाच्या स्पर्धेतील पहिले दोन तास हे सृष्टीतील सर्वांत दीर्घ तास असावेत. अशा वेळी मनुष्य इतिहासाचा आश्रय घेतो. मला आठवण झाली ती कल्याणीच्या चालुक्य नृपती तिसऱ्या सोमेश्वराची, ज्याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात राजांच्या करमणुकींची मोजदाद करताना मत्स्यविनोदास स्वतंत्र स्थान दिले, आणि काठी कशी असावी, दोरी कशाची करावी, कोणत्या माशास कोणते खाद्य घालून जवळ आणावे, हे राजास शोभेल अशा गांभीर्याने लिहून ठेवले. इंग्रजांचे याविषयीचे पहिले छापील पुस्तक १४९६चे. त्यात कार्प हा मासा उत्तम खरा परंतु या देशी दुर्मीळ, अशी नोंद आहे. म्हणजे आज ज्याच्यावाचून येथील क्वचितच एखादे तळे सापडते तो कार्प हा मूळचा उपराच. युरोपातून आलेला, मठांच्या पुष्करिण्यांत उपवासाच्या दिवसांसाठी पोसलेला हा पाहुणा, सतराव्या शतकात आयझॅक वॉल्टनच्या ग्रंथात नद्यांच्या राणीपदास पोहोचला. पोलंडात व चेक लोकांत तो नाताळच्या आदल्या रात्री अजूनही पानात वाढला जातो. आपल्याकडेही तो विसाव्या शतकात आणून सोडला गेला, आणि उजनीच्या बाजूला त्याला सायप्रिनस या शास्त्रीय नावानेच हाक मारून लोक खुशाल त्याचे कालवण करतात. इंग्रजाने मात्र त्याला खाणे टाकले आणि तोलणे आरंभले.

या तोलण्याचे श्रेय, माझ्या अल्पमतीप्रमाणे, शेफील्डच्या चाकू-कात्र्या घडवणाऱ्या कारागिरांस द्यावे लागेल. सामन आणि ट्राउट हे मासे व ते ज्यांत असत त्या नद्या जमीनदारांच्या खाशा मालकीच्या. कारखान्यातल्या माणसाच्या वाट्यास उरले ते कालव्यांतले, तळ्यांतले, काटेरी आणि चिखलाच्या चवीचे मासे. एकोणिसाव्या शतकात हे लोक आगगाडीने लिंकनशायरपर्यंत जाऊन, पाण्याकाठी ओळीने बसून, एकमेकांवर पैजा लावीत. पुढे १९०३ साली मंडळांचा राष्ट्रीय महासंघ निघाला आणि १९०६ साली थेम्सवर पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. आठवडाभर भोंग्याच्या तालावर राबणाऱ्या माणसाने सुटीच्या दिवशी स्वखुशीने आणखी एक भोंगा लावून घ्यावा, हजेरी, क्रमांक, वजन, नोंदवही आणि दंड यांचे सारे जोखड पुन्हा मानेवर घ्यावे आणि त्यास विश्रांती म्हणावे, याचे कोणास आश्चर्य वाटेल. मला वाटले नाही. निवृत्तीनंतर मीही घरच्या दुधाचा हिशेब रोजकीर्दीच्या नमुन्यात ठेवतो.

याच देशात कार्पाकडे पाहण्याची दुसरी एक दृष्टी आहे, आणि तिचे उपासक या स्पर्धावाल्यांस जवळजवळ पाखंडी समजतात. १९५२ च्या सप्टेंबरात रिचर्ड वॉकर या गृहस्थाने रेडमायर नावाच्या डबक्यातून रात्री ४४ पौंडांचा कार्प काढला, तो लंडनच्या प्राणिसंग्रहालयास दिला, आणि क्लॅरिसा या नावाने तो तेथे कित्येक वर्षे सुखाने पोहत राहिला. तेव्हापासून एका विशिष्ट, वृद्ध, नामांकित माशाची वाट पाहत रात्रीच्या रात्री तंबूत काढणारे तपस्वी निर्माण झाले. स्पर्धेतल्या कार्पाला नाव नसते. तो सहा पौंड दोन औंस असतो. अगर तीन पौंड चौदा. शेती परवडेना म्हणून ज्या शेतकऱ्यांनी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात खड्डे खणून त्यांत हे मासे दाट सोडले, त्यांनी तळ्याचे वावर करून टाकले. नद्यांवर १५ मार्चपासून १५ जूनपर्यंत गळ टाकण्यास मनाई असते, परंतु १९९५ पासून अशा बहुतेक तळ्यांवरची ती मनाई उठली असल्यामुळे या कार्पांना उन्हाळी रजाही उरलेली नाही.

म्हणूनच ते इतके अनुभवी असावेत. कार्पाला जठर नसते आणि दात असतात ते घशात. त्यामुळे जे दिसेल ते तोंडात ओढून पाहावे आणि संशय आल्यास थुंकून टाकावे, हा त्याचा आयुष्यक्रम. तळ्यातला जवळजवळ प्रत्येक मासा पूर्वी केव्हातरी अटक होऊन सुटलेला असतो. बेचकीने फेकलेल्या गोळ्या पाण्यावर टपटपल्या की तो त्या आवाजाकडे येतो, हे माणसांनी हेरले. मग गोळ्या न टाकताच दोऱ्याला बांधलेला तरंगता फ्लोट पाण्यावर आपटून नुसता आवाज काढण्याची युक्ती निघाली. आणि पेन्शनीत मुरलेला कार्प, आवाज ऐकूनही, जेवण खरोखर वाढले आहे की नाही याची चौकशी करून मगच पुढे येतो. शेवटच्या तासाला हे सर्व मासे काठाच्या अगदी कडेला, फूटभर पाण्यात, माणसाच्या पायाशी येतात. चार तास सोळा मीटर दूर आमिष टाकून शेवटी मासा आपल्या बुटापाशी धरण्यात जे कौशल्य आहे, ते मला शेजाऱ्यांनी अनेक परींनी समजावून सांगितले.

तेव्हाच मी काठाने एक फेरी मारली आणि आणेवारीस प्रारंभ केला. ‘कसे काय?’ एवढाच माझा प्रश्न. एकाने मान हलवली. दुसरा म्हणाला, ‘दोन-चार लहानसहान.’ तिसऱ्याच्या जाळ्यात म्हैस डुंबत असावी असा खळखळाट चालला होता. तो म्हणाला, ‘ती बहुधा बदके असतील.’ यातील प्रत्येकाच्या पेटीला एक चिमुकले गणकयंत्र लटकवलेले होते, आणि मासा जाळ्यात सोडताच त्याच्या वजनाइतक्या टिचक्या त्यावर मारून पौंडापौंडाचा जमाखर्च चालू होता. हा हिशेब हौसेचा नव्हे, गरजेचा आहे. पुष्कळ तळ्यांवर एका जाळ्यात ठराविक मर्यादेहून, बहुधा ५० पौंडांहून, अधिक भार असता कामा नये, आणि भरल्यास वरचे वजन सरकारजमा होते. थोडक्यात, आपल्यापाशी किती आहे हे औंसापर्यंत ठाऊक असलेली माणसे ते ठाऊक नसल्याची शपथ वाहत होती. आणि गंमत अशी की यामुळे फसत कोणीच नव्हते. ‘वीसेक’ म्हटले की ऐकणारा मनातल्या मनात तिपटीने गुणी, ‘काहीच नाही’ म्हटले की चाळीस धरी. असत्याचा दर इतका स्थिर झालेला होता की तो एखाद्या पेढीच्या भिंतीवर लिहून लावता आला असता. या सुव्यवस्थेस त्या दिवशी एकट्यानेच धक्का दिला. मंडळात नुकताच दाखल झालेला एक कोवळा तरुण, पद्धत ठाऊक नसल्यामुळे, ‘तीस पौंड आहेत,’ असे खरे ते सांगून बसला. बातमी काठाकाठाने फिरली, गुणाकार झाला, आणि नव्वद पौंडांच्या दहशतीने त्याच्या दोन्ही अंगांच्या जुन्या सभासदांनी जमत असलेली कडेची शिकार सोडून घाईघाईने दुसरेच काही आरंभले व दोघेही बुडाले. इतक्या परिणामकारक लबाडीबद्दल त्या मुलाची पुढे उपाहारगृहात बरीच वाखाणणी झाली.

तीन वाजता भोंगा झाला आणि जमाबंदीचे पथक निघाले: पुढे तिपाईला टांगलेला काटा घेतलेले चिटणीस, मागे वही घेतलेले खजिनदार, त्यांच्या मागे ज्यांची तोलणी आटोपली होती अशी मंडळी. प्रत्येक जण जाळे ओढताना आदल्या दैन्यास जागून चेहरा पाडून उभा राही. काट्याच्या झोळीत जाळे उपडे होई, पिवळ्या-तांबूस रंगाचे, बोटभर मिशांचे ते स्थूल जीव एकमेकांवर निथळत, सर्व जाळ्यांचा मिळून आकडा पुकारला जाई: ‘एकसष्ट पौंड, चार औंस!’ ‘मला वाटले नव्हते,’ असे वीसेकवाला म्हणे. कोणाच्याही मुद्रेवर विस्मयाची रेषा उमटत नसे. वहीत आकडा चढला की मासे जातमुचलक्यावर, पुढच्या रविवारी हजर राहण्याच्या गर्भित अटीवर, पाण्यात सोडले जात. टोकाच्या जहागिरीवर बसलेल्या गृहस्थांनी तीन जाळी भरून पहिले बक्षीस घेतले. तपकिरी लिफाफ्यातली ती रोकड त्यांनी काउंटरवर तशीच पुढे सरकवली आणि पुढच्या आठवड्याच्या गोळ्यांची थैली घेतली. वर थोडी पदरची भर घालावी लागली.

आमच्या शेजाऱ्यांचे वजन अठ्ठावीस पौंड सहा औंस भरले. त्यांनी काठावर मला नऊ सांगितले होते, म्हणजे जवळजवळ दराबरहुकूम. परतीच्या वाटेवर त्यांनी या अठ्ठावीस पौंडांचा उल्लेखही केला नाही. जे काट्यावर चढून वहीत गेले त्याविषयी बोलण्यात आता काही स्वारस्य उरलेले नव्हते. ते बोलत होते ते पावणेतीन वाजता दोरा तोडून वाळुंजाच्या मुळांत पसार झालेल्या एका कार्पाविषयी. तळ्याच्या फाटकातून बाहेर पडताना तो आठ पौंडांचा होता. पहिल्या वर्तुळाकार चौकात आम्ही वाट देत थांबलो तेव्हा दहाचा झाला. मोठ्या रस्त्यास लागल्यावर त्याच्या शेपटीची रुंदी दाखवण्यासाठी त्यांनी चक्रावरचा एक हात सोडला, आणि दुसरा हात सोडण्याची वेळ येऊ नये म्हणून मी तत्परतेने बारा कबूल केले. दिवसभर दडपून ठेवलेले सारे पौंड त्या एका फरारी माशाच्या अंगावर सव्याज चढत होते.

दारात त्यांच्या बाईसाहेब उभ्या होत्या. गाड्यावरचा चिखल न्याहाळीत त्यांनी विचारले, ‘मोठासा काही लागला का?’

‘एक लागला होता,’ शेजारी म्हणाले आणि माझ्याकडे बोट दाखवले. ‘यांना विचार. हे तेथेच उभे होते.’

मी तेथे उभा होतो हे खरे. मी पाहिले होते ते म्हणजे वाकलेली काठी, पाण्यावर उठलेला गढूळ भोवरा आणि फांदीला जाऊन लोंबकळू लागलेला फ्लोट. परंतु याहून तोकड्या पुराव्यावर मी नोकरीत कितीतरी पंचनाम्यांवर सही केलेली आहे.

‘पंधरा पौंड तरी असावा,’ मी म्हणालो.

‘सोळा,’ त्यांनी दुरुस्ती केली.